गिरणीवरचा ओळखवर्ग

कर्जतच्या बाजारात भाताच्या गिरणीवर एक पत्र्याची पाटी होती : 'इंग्रजी संभाषण व ओळख वर्ग'. रंगवणाऱ्यानं 'ओळख' हा शब्द मोठा काढला होता आणि 'इंग्रजी' उरलेल्या जागेत कसाबसा बसवला होता. त्यामुळे सुरुवातीला तिथं विद्यार्थ्यांपेक्षा मुलींचे आईबापच जास्त यायचे. एक बाई मुलीची पत्रिका घेऊन जिना चढून आल्या आणि मुलगा नोकरीवाला हवा, शेती असली तरी चालेल, असं सांगून मोकळ्या झाल्या. सरांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाई, इथं ओळख करून देत नाहीत, ओळख कशी करायची ते शिकवतात. बाईंना फरक कळला नाही. आमच्या तालुक्यात तो फारसा कुणालाच कळला नाही.

समोर आम्ही त्यांना सर म्हणायचो, बाजार त्यांना हॅलो मास्तर म्हणायचा. सरांची सगळी नोकरी मुंबईला फोर्टातल्या एका मोठ्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेली होती. खिडकी नसलेल्या खोलीत, कानाला यंत्र लावून, बोर्डावरच्या भोकांत दोऱ्या खुपसत त्यांनी उभा जन्म ह्याला त्याच्याशी आणि त्याला ह्याच्याशी जोडून दिलं. लग्न केलं नाही. विचारलं तर राहून गेलं म्हणायचे, जसं एखादं सामान गाडीत राहून जातं. पुढं छातीचं दुखणं लागलं, तेव्हा डॉक्टरांनी मोकळ्या हवेला जायला सांगितलं. त्याप्रमाणे सर कर्जतला आले आणि त्यांनी खोली घेतली ती भाताच्या गिरणीवर. कोंडा खालून उडायचा आणि फळ्यांच्या फटींतून वर यायचा. संध्याकाळपर्यंत सरांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. तरी 'इथली हवा मानवली मला' असं ते खोकत खोकत सांगत.

त्या वर्षांत खोपोली, साजगाव, रसायनी ह्या बाजूला एकामागून एक कारखाने उभे राहत होते. भाताच्या शेतीवर जगलेल्या घरांतली पोरं मॅट्रिक होऊन बसली होती, आणि घराघरात एकच प्रश्न विचारला जात होता : आत आपलं कोन हाय? आत आपला कुणी असला तर नोकरी लागते, नसला तर नाही, हे गावाला पाढ्यांसारखं पाठ होतं. सरांची लढाई ह्या एका वाक्याशी होती. 'वशिला मागायचा असतो, ओळख करायची असते,' असं ते म्हणायचे. वशिल्यानं गेलेला माणूस जन्मभर दुसऱ्याच्या नावानं ओळखला जातो, असंही म्हणायचे. पोरं मान डोलवायची आणि वर्ग सुटल्यावर जिन्यात एकमेकांना विचारायची, सरांचं आत कोण असेल रे?

सरांचे नियम होते. पहिल्या भेटीत आपलं नाव सांगायचं आणि समोरच्याचं नीट ऐकायचं. दुसऱ्या भेटीत त्याच्या कामाबद्दल विचारायचं, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. स्वतःच्या कामाचा विषय तिसऱ्या भेटीच्या आत काढायचा नाही. जो पहिल्याच भेटीत काम सांगतो तो ओळख करायला आलेला नसून भीक मागायला आलेला असतो. समोरचा माणूस दोनदा 'ऑफ कोर्स, ऑफ कोर्स' म्हणाला तर त्याला काहीएक आठवत नाही, असं समजायचं. आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं.

हा शेवटचा नियम सांगताना सर भिंतीकडे बघत असत. माणूस समोर असला की त्यांना त्याचं बोलणं नीट ऐकू येत नसे. कुणी बोलायला लागलं की ते मान खाली घालत, डोळे मिटत, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर समजल्याची खूण दिसे. संभाषणाचा सराव ते आम्हाला पाठीला पाठ लावून बसवून करून घेत. बाजारात आम्ही समोरून गेलो तर सर सरळ पुढं निघून जायचे. आखडू आहे मास्तर, असं लोक म्हणत. पण 'सर' अशी हाक मारली की ते थबकायचे आणि गावासकट नाव घेऊन चौकशी करायचे. त्यांनी आम्हाला आवाजावरून लक्षात ठेवलं होतं, चेहरे त्यांच्या कामाचे नव्हते.

त्यात खाली गिरणी. ती चालू असली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे, म्हणून सरांनी आम्हाला खणखणीत बोलायची सवय लावली. त्यांचं स्वतःचं इंग्रजी रेडिओवरच्या बातम्यांसारखं मऊ होतं, पण ते आमच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. आम्ही बेंबीच्या देठापासून 'हाऊ डू यू डू' ओरडायचो. सरांचा विद्यार्थी कुठल्याही कचेरीत लांबून ओळखू यायचा, तो इंग्रजीत भांडण काढल्यासारखा अभिवादन करायचा.

आमचं गाव नदीपलीकडं. मी मॅट्रिक झाले आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला ह्या वर्गात घातलं. मोठ्या काकांनी नेरळकडचं एक स्थळ आणलं होतं. मला नोकरी करायची होती. आबांनी मधला मार्ग काढला : पुढच्या वर्षीची भातकापणी होईपर्यंत पोरीला नोकरी लागली तर लागली, नाही तर काका म्हणतील तसं. पोरांत पोरगी पाठवायची म्हणून पहिल्या दिवशी आबा स्वतः टोपी घालून वर येऊन बसले. सरांनी त्या दिवशी शिकवलं की 'हाऊ डू यू डू' ह्याला उत्तर नसतं, आपणही उलट 'हाऊ डू यू डू'च म्हणायचं. घरी जाताना आबा पुलावर थांबले. मग म्हणाले, "त्यानं इचारलं कसा हायेस, तू बी इचारलंस कसा हायेस. मंग सांगितलं कोनी गं?"

मी हे दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सर हसले नाहीत. तुझे वडील नीट ऐकतात, एवढंच म्हणाले.

वर्गात कशेळ्याचा दामू नावाचा एक मुलगा होता. हुशार, पाठांतर चोख. दसऱ्याला कारखान्यांची दारं बाहेरच्या लोकांना उघडी असतात, यंत्रांची पूजा होते, म्हणून सरांनी आम्हा सगळ्यांना प्रात्यक्षिकासाठी साजगावच्या एका कारखान्यात नेलं. प्रत्येकानं एका अधिकाऱ्याशी पहिली भेट करून यायची होती. नोकरी हा शब्द काढायचा नव्हता. दामूनं थेट भरतीचं बघणारे साहेब गाठले, गिरणीवरच्या आवाजात आपलं नाव सांगितलं आणि हात पुढं केला. साहेबांनी विचारलं, काय काम आहे. दामू म्हणाला, काही नाही. मग इथं का आलात? तुम्हाला भेटायला. बरोबर ही बाकीची मंडळी कोण? दामूनं अभिमानानं सांगितलं की आम्ही सगळे एकच आहोत आणि आमचे सर बाहेर उभे आहेत.

त्या वर्षी तिकडं युनियनची धामधूम होती. काही काम नसताना भेटायला येणारी, एकजुटीनं फिरणारी आणि खणखणीत बोलणारी पोरं कोण असतात, हे साहेबांना सांगायची गरज नव्हती. वॉचमननं आम्हाला रांगेनं फाटकाबाहेर काढलं. पेढे तेवढे हातात राहिले. सर मात्र परतीच्या गाडीत खुशीत होते. दामूची ओळख पक्की झाली, तो माणूस आता ह्याला कधीही विसरणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ते खरंही ठरलं. पुढं दामू त्या कारखान्यात मुलाखतीला गेला तेव्हा साहेबांनी त्याला दारातच ओळखलं आणि परत पाठवलं.

दामूनं नंतर कशेळ्यात किराण्याचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकाशी तो इतका छान बोलायचा की लोक लांबून त्याच्याकडं यायचे. सर हे आपलं यश मानत नसत. तो व्यवहार झाला, ओळख नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

मुंबईतल्या मोठमोठ्या लोकांच्या ओळखी मात्र सर वर्गात नेहमी सांगत. त्यातले एक साहेब त्यांच्या फार जवळचे. तरुणपणी ते सरांच्या कंपनीत अधिकारी होते. रोज सकाळी फोन उचलला की नंबर मागायच्या आधी सरांना गुड मॉर्निंग म्हणायचे, आजारी असले तर आवाजावरून सरांना कळायचं, बायकोशी वाजलं असलं तरी कळायचं. हेच साहेब आता रसायनीच्या एका नव्या कारखान्याचे सर्वांत मोठे साहेब होऊन आले होते. आणि त्याच कारखान्यात नवा टेलिफोन बोर्ड बसणार होता, तिथं ऑपरेटर हवा होता.

ही बातमी दोन ठिकाणी पोचली. एक मला. दुसरी खाली गिरणीच्या मालकांना. त्यांना सगळे शेट म्हणत. शेटचा भाचा मॅट्रिकला दोनदा आपटून गिरणीवर पोती मोजत होता. शेट वर आले आणि गोडीत म्हणाले की मास्तर, तुमचा एवढा माणूस तिथं आहे, भाच्याचं तेवढं बघा. सरांनी त्यांना वशिला आणि ओळख ह्यांतला फरक समजावून सांगितला. शेटनी तो शांतपणे ऐकला आणि जाताना म्हणाले की पावसाळ्याआधी कोंड्याची पोती ठेवायला जागा लागेल म्हणतोय.

खोली जाणार हे आम्हाला कळलं. मला वाटलं, आता तरी सर साहेबांना माझ्यासाठी सांगतील. सरांनी मला बोलावून स्पष्टच सांगितलं की मी तुझं नाव घेणार नाही. पण नियमानं भेट कशी घ्यायची ते तुला बघायचं असेल तर चल. आबा म्हणाले, मी बी येतो. नव्या भाताचे तांदूळ ते थैलीत भरून घेऊन निघाले होते, ते सरांनी स्टँडवरूनच परत पाठवायला लावले. पहिल्या भेटीत तांदूळ नाही, म्हणाले.

चौक गावाला गाडी बदलून आम्ही रसायनीला गेलो. सरांनी आत नाव पाठवलं. बऱ्याच वेळानं बोलावणं आलं. मोठ्या टेबलामागे एक बुटके, टक्कल पडलेले, चष्मा लावलेले गृहस्थ बसले होते. ते मूळचे कुठले ते आम्हाला कधी नीट कळलं नाही, मराठी त्यांना भाजीवाल्यापुरतं यायचं. त्यांनी प्रश्नार्थक बघितलं. सरांनी फोर्टातल्या कंपनीचं नाव घेतलं आणि म्हणाले, "आय वॉज ऑन द बोर्ड, सर."

साहेब खुर्चीतून उठले. कंपनीच्या संचालक मंडळावरचा माणूस आपल्याकडे असा न कळवता आला म्हणून ते गडबडले. त्यांनी सरांना बसायला सांगितलं, घंटी वाजवायला हात लावला आणि कोणत्या वर्षी आपण बोर्डावर होतात, असं अदबीनं विचारलं.

"टेलिफोन बोर्ड, सर," सर म्हणाले.

साहेबांचा हात घंटीवरून मागे आला आणि साहेब खाली बसले. सरांनी गुड मॉर्निंगची आठवण सांगितली. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून खरोखर प्रयत्न केला. मग म्हणाले, "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स."

मी सरांकडे बघितलं. खोलीत आबांना सोडून आम्हा तिघांनाही आता माहीत होतं की साहेबांना काही आठवत नाही. सर क्षणभर भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. ते उठून उभे राहिले, कोट सारखा केला, हात पुढं केला आणि आयुष्यात प्रथमच भेटत असल्यासारखं आपलं नाव सांगून 'हाऊ डू यू डू' म्हणाले. साहेब म्हणाले, "फाइन, थँक यू." सरांनी माझं आणि आबांचं नाव सांगितलं, वेळ दिल्याबद्दल आभार मानले, आणि आम्ही बाहेर पडलो. कामाचा शब्द निघाला नाही.

फाटकाबाहेर आल्यावर आबा म्हणाले, "सायेब चांगला मानूस हाय. पन उत्तर चुकला. आनि मास्तर, त्यानं तुमाला वळखलं नाय."

"मी तरी त्यांना कुठं ओळखलं," सर म्हणाले. "मला वाटलं होतं, उंच असतील."

गाडीत बसल्यावर सर मला म्हणाले, आज पहिली भेट झाली. एवढ्या वर्षांची ओळख त्यांनी तिथल्या तिथे पुसून पाटी कोरी केली होती आणि नियमाप्रमाणे एकपासून मोजायला सुरुवात केली होती. मला रडू येत होतं. कापणीला फार महिने उरले नव्हते आणि सर अजून दोन भेटी मोजत होते.

पावसाळ्याआधी खोली गेली. वर्ग देवळाजवळच्या धर्मशाळेच्या ओट्यावर भरायला लागला. तिथं दुपारी म्हातारी माणसं आडवी झालेली असत. आम्ही पहिलं 'हाऊ डू यू डू' ओरडलो तसे एक आजोबा दचकून उठले आणि त्यांनी सरांना असं काही सुनावलं की दुसऱ्या दिवसापासून आम्ही कुजबुजत इंग्रजी बोलायला लागलो. तेव्हा मला सरांचं इंग्रजी पहिल्यांदा नीट ऐकू आलं. त्यांनी मला बोर्डावरचं बोलणं शिकवायला घेतलं. थांबायला कसं सांगायचं की माणसाला थांबल्यासारखं वाटू नये, लाइन मिळत नाही हे कसं सांगायचं की त्याचा राग आपल्यावर येऊ नये. माझा आवाज खाली आला, संथ झाला. आई म्हणायची, पोरगी आजारी हाय का, बोलत का नाय नीट?

दुसऱ्या भेटीला सर एकटे गेले. साहेबांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं आणि गप्प बसून ऐकलं. परत आले ते खूश होऊन. साहेबांना कुणी असं विचारतच नाही, म्हणाले. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आपलं काम घेऊन येतो. बोर्डाचं यंत्र यायला उशीर होता, जागा अजून भरली नव्हती.

तिसऱ्या भेटीला आम्ही पुन्हा तिघं गेलो. भात पोटरीला आलं होतं, कापणी जवळ आली होती. सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की आज मी तुझ्यासाठी काही मागणार नाही, पण तुझ्याविषयी बोलेन, ते नियमात बसतं. आम्ही बसलो. सरांनी बोलण्यासाठी घसा साफ केला, आणि तेवढ्यात साहेब पुढं वाकून म्हणाले की बरं झालं आलात, माझं तुमच्याकडे एक काम आहे. निवृत्तीनंतर त्यांना मुंबईत राहायचं नव्हतं. कर्जतला नदीकाठी घर बांधायला थोडी जागा हवी होती. तुम्ही तिथलेच, तुम्ही सगळ्यांना ओळखत असाल.

सरांचा घसा साफ झालेला तसाच राहिला. ज्याला आधी काम सांगितलं गेलं त्यानं आधी ते काम करायचं, हाही त्यांचाच नियम. माझा विषय निघाला नाही. आणि खरी अडचण वेगळीच होती. इतकी वर्षं राहून सर कर्जतमध्ये कुणालाच ओळखत नव्हते. त्यांचं सगळं लक्ष फोर्टात होतं.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "माजं वरकस हाय नदीकडंचं. सायबाला दावा. पोरीचं बी व्हईल."

आबांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, पण भात न होणाऱ्या त्या माळाच्या तुकड्यावर आमची आंब्याची झाडं होती आणि गुरं तिथंच चरायची. मला नोकरी इतकी हवी होती की मी आबांना अडवलं नाही. सर रस्त्यात थांबले आणि त्यांनी, मी पाहिलं तेवढ्यात एकदाच, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं.

"नाही," ते आबांना म्हणाले. "ती जमीन मी दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर मी वर्ग बंद करीन."

कर्जतमध्ये सरांना आवाजानं आणि चेहऱ्यानं माहीत असलेला आणखी एकच जमीनवाला होता. दुसऱ्या दिवशी ते गिरणीत शेटकडे गेले. शेटचा बिनशेती झालेला तुकडा नदीला लागून होता. सरांनी शेटची आणि साहेबांची गाठ घालून दिली आणि बाजूला झाले. पुढं शेटनी नियम वगैरे पाळले नाहीत. पहिल्याच भेटीत जागा दाखवली, दुसरं वाक्य भाच्याचं बोलले. बोर्ड आला त्या आठवड्यात भाचा त्याच्यासमोर बसला.

ज्या माणसानं आम्हाला वशिल्याचा विटाळ शिकवला, त्याच्याच हातून आमच्या तालुक्यातला सगळ्यांत सरळ वशिला लागला होता. मी वर्गाला जायचं बंद केलं. आबांना मी म्हटलं की सरांनी माझी नोकरी शेटच्या भाच्याला दिली. आबा खळ्यात झोडणी करत होते. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली आणि म्हणाले, "त्यानं माजी जमीन ठेवली, ते नाय बोललीस." काकांनी नेरळच्या लोकांना संक्रांतीनंतर यायला सांगितलं.

भाचा गिरणीत वाढलेला. त्याचा आवाज वरच्या मजल्यावर जाईल असाच निघायचा. तो बोर्डावरून हॅलो म्हणाला की मुंबईच्या ऑफिसातले लोक फोन कानापासून लांब धरायचे. हेड ऑफिसनं साहेबांना मागितलं तर लाइन कँटीनला लागायची, आणि कँटीनवाला विचारायचा, किती चहा? एकदा साहेब स्वतः हेड ऑफिसशी बोलत असताना भाच्यानं मध्येच, अजून चाललंय का, असं विचारलं. त्यानंतर त्याला स्टोअरमध्ये हलवलं. तिथं पोती मोजायची होती, ते त्याला उत्तम जमलं, आणि तो त्याच कारखान्यातून मानानं निवृत्त झाला.

जागा पुन्हा निघाली. वर्तमानपत्रात जाहिरात आली, मी अर्ज केला, बोलावणं आलं. मुलाखत एका मद्रासी बाईंनी घेतली. त्यांना सर माहीत नव्हते, शेट माहीत नव्हते, मोठे साहेब त्या दिवशी मुंबईला होते. बाईंनी मला पाठमोरं बसवलं आणि बोलायला लावलं. मी पंधरा-वीस वाक्यं बोलले असेन. एवढा शांत आवाज ह्या भागात कुठं मिळाला तुला, असं त्यांनी विचारलं. देवळाच्या ओट्यावर, असं मी सांगितलं. त्यांना वाटलं, मी भजनात गाते.

नोकरी लागली, नेरळचे लोक आले नाहीत. पेढे घेऊन मी सरांकडे गेले. कुणाचा वशिला नाही, कुणाची चिठ्ठी नाही, पाहिलंस, असं सर पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेटच्या भाच्याला आधी वशिल्यानं चिकटवला नसता तर बाईंना शांत आवाजाची एवढी किंमत कळली नसती, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि ते माझ्या पेढ्यांना खोकत खोकत नावाजत होते.

साहेबांनी नदीकाठी बंगला बांधला आणि निवृत्त होऊन तिथं राहायला आले. पहिल्या दिवाळीला त्यांच्या फाटकासमोर गाड्या उभ्या होत्या, दुसऱ्या दिवाळीला एक, तिसऱ्याला एकही नाही. सर मात्र दर रविवारी जायचे. व्हरांड्यात दोघं नदीकडे तोंड करून शेजारी शेजारी बसत, त्यामुळे सरांना नीट ऐकू येत असे. तिसऱ्या भेटीनंतर काय करायचं ह्याचा नियम सरांनी कधी सांगितला नव्हता. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, तिथपर्यंत कुणी टिकत नाही, म्हणून शिकवत नाही.

सर एका उन्हाळ्यात गेले. दुखणं छातीचंच. नातेवाईक म्हणावा असा कुणी नव्हता. पुढचं सगळं वर्गातल्या मुलांनी केलं, दामू कशेळ्याहून दुकान बंद करून आला, शेटनी लाकडं दिली. सगळं आटोपल्यावर माझ्या लक्षात आलं की साहेबांना कुणी कळवलंच नाही. मी आणि आबा बंगल्यावर गेलो.

साहेब खूप थकले होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं. मग इंग्रजीत म्हणाले की मी इतकी वर्षं वाट बघत होतो. हा माणूस आज ना उद्या काहीतरी मागेल. माझ्याकडे विनाकारण कुणी आलेलं नाही. त्यांना माझ्याकडून काय हवं होतं, तुला माहीत आहे का?

मी म्हटलं, माहीत आहे. त्यांना माझ्या नोकरीविषयी बोलायचं होतं. त्या दिवशी तुम्ही आधी जागेचं काढलंत, म्हणून राहिलं. नंतर ती नोकरी मला अशीच मिळाली.

साहेबांनी चष्मा काढला. "मग पुढं का येत राहिले?"

आबांना एवढं इंग्रजी कळत नव्हतं. काय इचारतात, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. आबांना प्रश्नच विचित्र वाटला. ते साहेबांकडे वळून मराठीतच म्हणाले, "वळक झाली व्हती ना सायेब. मंग यायला नको?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी आबांचं वाक्य इंग्रजीत करून सांगितलं. दोन-तीन शब्द बदलून बघितले. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "येस, येस. बट व्हाय?"

"काय म्हनतात?" आबांनी विचारलं.

"चहा घेऊन जा म्हणतात," मी सांगितलं. आबा मांडी घालून नीट बसले.